खिशांतला कॅमेरा

कोणत्याही वस्तूची परीक्षा करावयाची म्हटली म्हणजे तिच्याविषयीं दुकानदाराला विचारूं नये, आणि ज्यानें ती नुकतीच घेतली आहे त्यालाही विचारूं नये. पहिल्याला ती विकावयाची असते व दुसऱ्याला ती घेतल्याचें समर्थन करावयाचें असतें. आमच्याजवळ एक लहानसा डिजिटल कॅमेरा २००८ सालापासून आहे. इतक्या वर्षांत त्याची नवलाई संपली, त्याची बाजारांतली किंमत जवळजवळ शून्यावर आली, आणि त्याच्या जातीचे बहुतेक कॅमेरे दुकानांतून नाहींसे झाले. तेव्हां त्याच्यासंबंधीं निःपक्षपातानें दोन शब्द लिहिण्यास आतां आम्ही पात्र झालों आहोंत, असें आम्हांस वाटतें. त्याच्या कारखानदाराचें नांव येथें देत नाहीं. स्तुति केली तर ती जाहिरात होईल, आणि निंदा केली तर त्या बिचाऱ्याला उत्तर द्यावयास जागा राहणार नाहीं.

दिसावयास तो साबणाच्या वडीहून किंचित् मोठा. दोन पेन्सिल सेल घातले तरी वजन पाव किलोच्या आंत. पुढें चारपट जवळ आणणारें झूमचें भिंग, मागें अडीच इंची पडदा, आणि त्या पडद्याच्या वर डोळा लावून पाहावयाची एक इवलीशी खिडकी. विकणाऱ्यानें त्याची ओळख करून देतांना ‘आठ मेगापिक्सेल’ हे दोनच शब्द उच्चारले. त्या काळीं मेगापिक्सेलचा आंकडा हा उपवर मुलाच्या पगाराच्या आंकड्यासारखा असे. तो मोठा असला म्हणजे बाकीची चौकशी कोणी करीत नसे. वस्तुतः आठ मेगापिक्सेल म्हणजे ८० लाख बिंदु, आणि हे ८० लाख बिंदु बसावयाचे कोठें, हा खरा प्रश्न. भिंगामागें प्रकाश टिपणारी जी सेन्सरची चकती असते, तिची लांबी सुमारें पावणेसहा मिलिमीटर व रुंदी सव्वाचार मिलिमीटर. म्हणजे करंगळीच्या नखापेक्षांही ती लहान. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांतली चौकट ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असे. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर आमच्या कॅमेऱ्याच्या वांट्यास तिचा पस्तिसावा हिस्सा आला आहे. एवढ्या जागेंत ८० लाख बिंदु कोंबावयाचे म्हणजे आषाढींत पंढरपूरला निघालेली एस. टी.च ती. सगळे मावतात खरे. पण मोकळा श्वास कोणालाच मिळत नाहीं. बिंदूंच्या बाबतींत श्वास म्हणजे प्रकाश. ऊन लख्ख असलें तर या दाटीचें कांहीं वाटत नाहीं. प्रकाश जरा कमी झाला कीं प्रत्येक बिंदूच्या वांट्यास येणारा घोट अगदीं लहान होतो, आणि मग चित्रावर रवा सांडल्यासारखे रंगीत कण दिसूं लागतात.

या यंत्राचा वंश कांहीं फार जुना नाहीं. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉईल व जॉर्ज स्मिथ या दोघांनीं सीसीडीची युक्ति काढली; पुढें तिनेंच प्रकाशाचें चित्र विजेच्या भाषेंत लिहून घेतलें, आणि २००९ सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा त्या दोघांस मिळाला. १९७५त कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरानें जो डिजिटल कॅमेरा जुळविला त्याचें वजन साडेतीन किलोंहून अधिक होतें, चित्रांत बिंदु अवघे १० हजार होते, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. तेथपासून २०१०पर्यंत या वंशाची अशी भरभराट झाली कीं त्या एका वर्षांत जगांत १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, आणि त्यांतले बहुतेक आमच्यासारखे लहानच होते. मग टेलिफोनालाच डोळा फुटला, आणि ही सगळी भरभराट दहा वर्षांत ओसरली. अलीकडे मोठ्या शहरांतलीं तरुण मुलें हे जुने लहान कॅमेरे हौसेनें शोधून विकत घेतात, असें ऐकतों. हौसेला कारण लागत नाहीं. पण परीक्षेला लागतें.

परीक्षेची परंपरा आमच्या धाराशिव जिल्ह्यांत जुनी आहे. तेर हें गोरोबाकाकांचें गांव. संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनीं थापटणें हातीं घेतलें, एकेकाच्या डोक्यावर मारून कोणतें मडकें कच्चें तें पाहिलें, आणि नामदेव तेवढा कच्चा निघाला, ही कथा महाराष्ट्रांत कोणाला सांगावयास नको. कॅमेऱ्याला थापटणें मारतां येत नाहीं. त्याची परीक्षा उजेडावर आणि काळोखावर करावी लागते, आणि हे दोन्ही पदार्थ आमच्याकडे मुबलक आहेत.

प्रथम उजेडाची गोष्ट. तेरला त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ आहे. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, आणि म्हणून कित्येक विद्वान् तें मूळचें बौद्ध चैत्यगृह मानतात. ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’ ग्रंथांतलें तगर तें हेंच. हेन्री कझेन्स यांनीं पुराणवस्तु खात्याच्या १९०२-०३च्या अहवालांत तेरवर लेख लिहिला. त्या काळच्या छायाचित्रकाराला कांचेच्या तबकड्यांची पेटी, तिपाई आणि तें ओझें वाहणारीं माणसें घेतल्यावांचून असल्या गांवीं जातां येत नसे. आम्ही सदऱ्याच्या खिशांत कॅमेरा टाकून गेलों. भर दुपारच्या उन्हांत कोणत्याही पडद्यावर कांहींच दिसत नाहीं. आमच्या कॅमेऱ्याच्याही दिसला नाहीं. पण त्या इवल्याशा खिडकीला डोळा लावला आणि देऊळ समोर उभें राहिलें. ही खिडकी थोडी लबाड आहे. भिंग जेवढें पाहतें त्याच्या चार-पंचमांशच ती दाखविते, त्यामुळें घरीं येऊन पाहावें तों चित्रांत कडेची एखादी शेळी फुकट मिळालेली असते. परंतु चित्र असें स्वच्छ आलें कीं, पुढच्या पायरीवरच्या वाळलेल्या पानापासून मागच्या विटांच्या सांध्यांपर्यंत सर्व कांहीं रेखीव. सेन्सर लहान असला म्हणजे जवळचें आणि दूरचें एकाच वेळीं स्पष्ट येतें, हा त्याच्या दारिद्र्यांतून निघालेला गुण आहे. मोठ्या कॅमेऱ्यांचे शौकीन चेहरा तेवढा स्पष्ट ठेवून मागचें जग धूसर करण्यासाठीं हजारों रुपये खर्च करतात. आमच्या मतें मागचें जग इतकें कांहीं वाईट नसतें.

नळदुर्गास मात्र प्रकरण कठीण झालें. तेथें बोरी नदी किल्ल्यांत घेऊन तिच्यावर प्रचंड दगडी बांध घातला आहे आणि बांधाच्या पोटांत पाणीमहाल बांधला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींतलें हें काम. पावसाळ्यांत बांध भरला म्हणजे ‘नर’ व ‘मादी’ अशा दोन धारांनीं पाणी खालीं कोसळतें, आणि आंतल्या दालनांत उभें राहिलें असतां खिडकींतून तें समोर पडतांना दिसतें. आंत गारवा व काळोख, बाहेर पांढरेंशुभ्र पाणी. आपला डोळा दोन्ही पाहतो. कॅमेऱ्याला मात्र दोहोंपैकीं एकच पत्करावें लागतें. पाण्याचा उजेड मोजला तर दालन कोळशासारखें काळें होतें. दालनाचा मोजला तर खिडकीच्या जागीं कोरा कागद चिकटविल्यासारखा दिसतो. आम्हीं बरीच खटपट केली, आणि शेवटीं पाणी घेऊन दालन सोडून दिलें. एका दुष्काळी वर्षाच्या उन्हाळ्यांत आम्ही तेथें पुन्हां गेलों, तेव्हां खिडकीबाहेर चमकणारें कांहीं उरलेंच नव्हतें, आणि त्या दिवशीं दालनाचें चित्र उत्तम आलें. असल्या यशाचा आनंद मानावा कीं काय, हें मराठवाड्यांतल्या वाचकांस सांगावयास नको.

१८५३त नळदुर्गाचा मुलूख इंग्रजांकडे गेल्यावर मेडोज टेलर हा अधिकारी येथें राहिला होता. तो कादंबऱ्या लिही आणि चित्रेंही काढी. चित्रकाराला ही अडचण नाहीं. दालन काळें रंगवावयाचें कीं निळें, हें त्याच्या मर्जीवर. हल्लींचा फोनही एका अर्थीं चित्रकारच आहे. आमच्या पुतण्यानें आपल्या फोनवर त्याच दालनाचें चित्र घेतलें, त्यांत दगडही दिसले आणि पाणीही. बटण एकदांच दाबलें तरी तो आंतल्या आंत अनेक चित्रें घेतो, त्यांतून उजेडाचा व काळोखाचा चांगला चांगला भाग निवडतो आणि त्यांचें एक चित्र शिवून देतो. या परीक्षेंत आमचा कॅमेरा नापास आणि फोन पास, हें आम्हीं तेव्हांच मान्य केलें. त्यांत वाद घालण्यासारखें कांहीं नाहीं.

काळोखाची दुसरी परीक्षा धाराशिवजवळच्या लेण्यांत. बालाघाटाच्या डोंगरांतलीं हीं जैन लेणीं जेम्स बर्जेस यांनीं १८७८च्या आपल्या ग्रंथांत वर्णिलीं आहेत. मुख्य लेण्याच्या गाभाऱ्यांत पार्श्वनाथाची पद्मासनस्थ मूर्ति आहे, आणि तेथवर पोंचतां पोंचतां उजेड फार क्षीण होतो. आमच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन मीटरांपलीकडे जाईपर्यंत थकतो, आणि जेथें पोंचतो तेथें मूर्तीला तालमींतल्या तेल लावलेल्या पहिलवानाचें रूप देतो. सेन्सरची संवेदना वाढवावी तर चित्रावर तो मघांचा रवा सांडतो. पण या कॅमेऱ्यांत एक सोय आहे, आणि दुकानदारानें तिचा उच्चारही केला नव्हता. पडदा उघडा किती वेळ ठेवावयाचा, तें आपल्याला हातानें ठरवितां येतें. आम्हीं कॅमेरा एका दगडावर ठेविला, खालीं रुमालाची घडी घातली, संवेदना अगदीं कमी केली, दहा सेकंदांची मुदत दिली आणि हात काढून घेतला. आपोआप बटण दाबलें जाण्याची जी योजना असते, ती लोक स्वतःचे फोटो काढून घेण्यासाठीं वापरतात. तिचा खरा उपयोग हाताचा कंप टाळण्याकडे आहे. दहा सेकंद आम्ही आणि मूर्ति दोघेही स्वस्थ बसलों. चित्र आलें तें असें शांत, कीं दगडावरची टांकीची रेघही वाचावी. म्हणजे वेळ मिळाला तर हा कॅमेरा काळोखांतही पाहतो. अडचण एवढीच कीं, मूर्तीखेरीज दहा सेकंद स्वस्थ कोण बसतें?

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरकडे हजारों माणसें रात्रभर चालत येतात. ती वाट आम्हीं एकदां या कॅमेऱ्यावर घेऊन पाहिली. चांदण्यांत ती गर्दी डोळ्याला फार सुंदर दिसते. कॅमेऱ्यावर पन्नास चित्रें घेतलीं आणि पन्नासांतहि फक्त रेघा आल्या. त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं.

चालतीं-बोलतीं माणसें उजेडांत घ्यावयाचीं असलीं तरी याचा एक दोष आड येतोच, आणि तो म्हणजे मांद्य. बटण दाबल्यावर हा आधीं विचार करतो, मग भिंग पुढें-मागें हलवितो, आणि मग चित्र घेतो. मूल हंसलें म्हणून बटण दाबावें, तर चित्रांत तें हंसून झालेलें असतें. यावर उपाय आहे. बटण अर्धें दाबून ठेवावें, विचार आधींच करून घेऊं द्यावा, आणि क्षण आला म्हणजे उरलेलें दाबावें. पण हा उपाय ज्याला साधला त्याला क्षणाची चाहूल आधीं लागावी लागते, म्हणजे काम पुन्हां आपल्यावरच आलें. त्याच्या पोटांतली नळी आमच्याकडच्या धुळीनें आतां कुरकुरूं लागली आहे. एका दुरुस्तीवाल्यानें ती न उघडतांच ‘फेंकून द्या’ म्हणून सांगितलें. उलट त्याला पेन्सिल सेल चालतात, हा गुण आम्हांला सर्वांत मोठ्या गुणांपैकीं वाटतो. नळदुर्गाच्या फाट्यावर, येरमाळ्याच्या जत्रेंत, चहाच्या टपरीवर, जेथें म्हणून बिडी-काडी मिळते तेथें याचें अन्न मिळतें. ज्या घरांत विजेचा भरंवसा नसतो त्या घरांतल्या माणसांनाच याची किंमत कळेल.

येथवर लिहिलें तें यंत्राविषयीं झालें. परंतु आमच्या कॅमेऱ्याची जी एक परीक्षा झाली ती आम्हीं घेतलेली नव्हती.

आमची एक आत्या लोहारा तालुक्यांत राहते. तिचें मूळचें घर सास्तूरच्या बाजूला होतें. दगडमातीचें, जाड भिंतींचें, वर मातीचें धाबें. ३० सप्टेंबर १९९३च्या पहांटे चार वाजण्याच्या सुमारास, गणपतींचें विसर्जन करून गांवेंच्या गांवें झोंपलीं असतां, भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतलीं तसलीं हजारों घरें माणसांच्या अंगावर पडलीं. आत्याचा मुलगा सात वर्षांचा होता. घरांतले जे काय चार फोटो होते ते मातीखालीं गेले, आणि वरून पाऊस लागला. पुढें नव्या जागेवर नवें घर मिळालें, पण मुलाचें एकही चित्र तिच्याजवळ उरलें नव्हतें. सोलापूरला एका नातलगाकडे लग्नांतल्या समूहाच्या फोटोची दुसरी प्रत होती, म्हणून ती तेवढी वांचली. त्यांत डावीकडच्या टोंकाला, मोठ्या माणसांच्या कोपरांमधून डोकावणारा तो मुलगा आहे. चेहरा तुरीच्या डाळीएवढा, आणि किंचित् वळलेला.

२००९च्या उन्हाळ्यांत आम्ही कॅमेरा घेऊन तिच्याकडे गेलों होतों. सगळ्यांचे फोटो झाले. तिनें तो समूहाचा फोटो चौकटींतून काढून आणला आणि म्हणाली, “बाळ, तुझ्या ह्या डबींत एवढा एकटा वेगळा निघेल का?” आम्हीं फोटो ओसरीवरच्या सावलींत पाटावर ठेविला. उन्हांत ठेवला असता तर कागद चमकला असता, आणि फ्लॅश लावला असता तर चेहऱ्याच्या जागीं पांढरा डाग आला असता. जवळचें टिपण्याची खूण असलेलें फूल बटणावर असतें, तें दाबलें; या लहान भिंगाला पांच सेंटिमीटरांवरचेंही स्पष्ट दिसतें. कॅमेरा दोन पुस्तकांच्या आधारानें सरळ धरला आणि चित्र घेतलें. मागच्या पडद्यावर मोठें करून पाहिलें, तर तुरीच्या डाळीचा चेहरा आंगठ्याएवढा झाला होता. कागदाचे कण दिसत होते, एक चिरही दिसत होती, आणि त्यांच्यामागें कपाळ, कान, व बोलावयाच्या आधींचें तोंड. यापेक्षां अधिक कांहीं त्या कागदावर नव्हतें, म्हणून कॅमेऱ्यानें यापेक्षां अधिक कांहीं दिलें नाहीं. आत्या बराच वेळ पाहत राहिली. नंतर आम्ही गांवाकडे येतांना तिनें एवढेंच विचारलें, “ह्याचा कागद मिळेल ना?” कागद मिळाला, आम्हीं तो धाराशिवच्या स्टुडिओंतून काढून पाठविला.

गेल्या दिवाळींत आत्या आमच्याकडे आली होती. आतां तिचें वय झालें आहे, आणि तो कागदही भिंतीवरच्या दमटपणानें पिवळा पडला आहे. आमच्या पुतण्याचें मन चांगलें आहे. त्यानें त्या कागदाचें चित्र आपल्या फोनवर घेतलें, आणि चेहरा स्वच्छ करणारी म्हणून जी युक्ति फोनांत हल्लीं मिळते ती त्याच्यावर चालविली. मिनिटभरांत कण गेले, चीर गेली. पापण्यांचे केस दिसूं लागले, ओठांची कड निघाली, गालाला तकाकी आली. मुलगा मोठा देखणा होता. पुतण्यानें फोन आत्याच्या हातीं दिला. तिनें चष्मा पुसला, फोन जवळ धरला, लांब धरला, आणि विचारलें, “हा कुणाचा पोरगा रे?”

पुतण्या म्हणाला, “आजी, अहो, काकाच तो.” तिनें पुन्हां पाहिलें. “नाहीं,” ती म्हणाली, “ह्याचे कान तसे आहेत, पण हा तो नव्हे.” आणि फोन परत दिला.

मग आम्हीं त्या यंत्राचें म्हणणें काय आहे तें नीट समजून घेतलें. असली युक्ति लाखों दुसऱ्या चेहऱ्यांवरून शिकलेली असते. कागदावर जें पुसट आहे तेथें तसल्या चेहऱ्यांत बहुधा काय असतें याचा अंदाज करून ती तें भरते, आणि अंदाज कोठें संपला व मुलगा कोठें उरला हें सांगत नाहीं. नळदुर्गाच्या दालनांत फोननें जीं चित्रें एकत्र शिवलीं तीं निदान त्याच दालनाचीं होतीं. येथें ठिगळ परक्या मुलांचें होतें. पुतण्याला वाईट वाटलें. त्याला आम्हीं समजाविलें कीं, यांत त्याचा दोष नाहीं, आणि फोन इतर पुष्कळ कामांना चांगलाच आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं खणांतून आमच्या कॅमेऱ्याचें जुनें कार्ड काढलें. २००९चें तें चित्र, कण आणि चिरेसह, होतें तसेंच होतें. स्टुडिओंतला मुलगा त्याच्यावर संगणकानें हात फिरवूं लागला, त्याला थांबविलें आणि आहे तसेंच छापावयास सांगितलें. त्याला आमचें म्हणणें पटलें असें दिसलें नाहीं, पण त्यानें छापलें. चार प्रती काढल्या. एक सोलापूरला त्याच नातलगाकडे, एक उमरग्याला, एक पुण्याला पुतण्याजवळ. चौथी आत्यानें नव्या चौकटींत घालूं दिली नाहीं. पोथींत ठेविली, आणि जातांना पिशवींत पोथी वर राहील अशी घातली.